बकुळाची नर्सरी आणि उसना शब्द

दमलेल्या मुलींच्या गोष्टी कोणी सांगत नाही. राजकन्यांच्या सांगतात, हुशार मुलींच्या सांगतात, वाघाला फसवणाऱ्या मुलींच्याही सांगतात. दमलेली मुलगी दिसली की मोठी माणसं म्हणतात, "शहाणी गं माझी बाय ती!" आणि तिला आणखी एक काम सांगतात. म्हणून ही गोष्ट बकुळाची.

डोंगराच्या कुशीत लाल कौलांचं एक गाव होतं. गावात आप्पाकाकांचं मोठं घर होतं. घराच्या मागे एक इवलीशी खोली आणि खोलीपुढे ओसाड परस. त्या खोलीत बकुळा आणि तिची आई राहायच्या. बाबा नव्हते. आई लोकांकडे धुणीभांडी करायची आणि संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिची बोटं भिजून भिजून मनुकांसारखी सुरकुतलेली असायची.

बकुळा नऊ वर्षांची होती. ती पाणी भरायची, काकूंच्या तांदळातले खडे निवडायची, काकांचा चष्मा शोधून द्यायची. चष्मा बहुतेक वेळा काकांच्या कपाळावरच असायचा. शाळेची घंटा परसात ऐकू यायची, पण ती बकुळासाठी वाजत नव्हती. काका म्हणाले होते, "यंदा राहू दे शाळा, पुढच्या वर्षी बघू." मोठ्या माणसांचं पुढचं वर्ष कुठल्याच कॅलेंडरात छापलेलं नसतं.

मग एक दिवस शहरातून विमलआत्याचा निरोप आला. तिच्या सुनेला बाळ झालं होतं.

"बकुळाला पाठवा आमच्याकडे," आत्याने कळवलं होतं. "दोन वेळा जेवेल, बरे कपडे घालेल, बाळाला सांभाळेल. पोरीचं कल्याण होईल."

मोठी माणसं तुमचं कल्याण करायला निघाली की आधी बघावं, त्यात दुपारची झोप कोणाला मिळणार आहे. बकुळाला काही ती मिळणार नव्हती.

काकांनी मान डोलावली. काकूंनी डोलावली. बकुळाला कोणी विचारलं नाही. फक्त आईने तिची वेणी घालताना हळूच विचारलं, "जायचंय का गं तुला?"

बकुळाने जोरजोरात नाही म्हणून मान हलवली. कंगवा केसांतच थांबला. वेणी त्या दिवशी फार घट्ट बांधली गेली, जणू सुटली तर पोरच निसटेल.

आता नर्सरीचं कसं सुचलं ते ऐका. आई ज्यांच्याकडे भांडी घासायची, त्या देसाईबाईंनी एक वाळकी जास्वंद कचऱ्यात टाकली होती. बकुळाने ती उचलून आणली, छाटली, सावलीत ठेवली, आणि थोड्याच दिवसांत तिला पोपटी, लुसलुशीत पानं फुटली. देसाईबाई बघतच राहिल्या.

"तुझ्या हाताला गुण आहे गं पोरी! नर्सरीच टाक तू!" असं म्हणून त्या हसल्या.

मोठी माणसं थट्टेत बोलतात आणि मुलांना ते खरं वाटतं. चूक कोणाची, ते तुम्हीच ठरवा. बकुळा धावत काकांकडे गेली.

"काका, मी परसात नर्सरी टाकते. रोपं विकते. मग मी खायला भार नाही ना होणार? मग मी आईजवळ राहू?"

काका इतके हसले की चहा नाकात गेला. ठसका ओसरल्यावर ते म्हणाले, "टाक, टाक! दसऱ्यापर्यंत तुझी नर्सरी उभी राहिली तर राहा इथंच. नाही राहिली तर दसऱ्याला विमल येईल, मुकाट तिच्या गाडीत बसायचं. ठरलं?"

"ठरलं," बकुळा म्हणाली.

तिने कुंड्या जमवल्या. कुंड्या कसल्या, मडक्यांची बुडं, रंगाचे रिकामे डबे, कानतुटके कप, दुधाच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या. गावभर फिरून तिने फांद्या मागून आणल्या, तिरप्या कापल्या, ओल्या मातीत खोचल्या. मोगरा, अबोली, गुलाब, गुलबक्षी, सदाफुली. इवल्या इवल्या डबड्यांच्या रांगा उन्हात लागल्या, तेव्हा तिला वाटलं, आपल्या परसात रंगीबेरंगी शाळा भरलीय आणि आपण बाई आहोत.

पण शाळेत पोरं येण्याआधी गावातली मोठी माणसं आली.

"ऊन जास्त होतंय," एकजण म्हणाला.

"ऊन कमी पडतंय," दुसरा म्हणाला.

"झाडाचे कसले गं पैसे घेतेस? झाड देवाचं असतं," असं म्हणून तिसऱ्याने गुलबक्षीचं रोप पिशवीत घातलं आणि तो देवाचं नाव घेत निघून गेला.

शेजारच्या सरूमावशी तर रोज यायच्या. तोंडाने गोड गोड बोलायच्या आणि पदराआडून हळूच आवाज यायचा, कट्ट!

"मावशी, तुम्ही फांदी तोडलीत," बकुळा म्हणाली.

"अगं, विकत घेतलेली फांदी धरत नाही बाळा. चोरलेलीच धरते. शास्त्र आहे."

"कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

"मोठ्यांना उलट विचारू नये, हेही शास्त्रच आहे!" म्हणत मावशी पदर सावरून गेल्या.

जे उरलं त्यातलं निम्मं कोमेजलं. बकुळा सकाळी पाणी घालायची, दुपारी पाणी घालायची, आणि मध्येच कोणीतरी हाक मारायचं, "बकू, जरा इकडे ये." पाय दुखायचे. पाठ दुखायची. रडायला वेळ मिळाला असता तर ती रडलीही असती.

एका दुपारी ती पाचोळ्याचं खत आणायला टेकडीमागच्या बागेत गेली. ती बाग कोणीतरी कधीतरी लावली होती आणि मग तिला विसरून गेलं होतं. तिथे कर्दळी माणसाच्या उंचीच्या झाल्या होत्या. निळ्या गोकर्णीने जुन्या विहिरीला मिठी मारली होती. पानांतून झिरपणारं ऊन सोनेरी ठिपक्यांनी जमिनीवर लगोरी खेळत होतं. फुलपाखरं मात्र एकाच जागी घोटाळत होती.

बकुळाने तिथलं एक पान बाजूला केलं. कर्दळीच्या रुंद पानावर एक चिमुकली परी आडवी पडली होती.

केवढी होती ती? शेवग्याच्या शेंगेचं एक पेर, बस्स. तिचे पंख गोकर्णीच्या पाकळ्यांचे होते, घागरा गुलबक्षीचा होता, आणि कपाळावर दवाचा एकच लुकलुकता थेंब होता. पण सगळे रंग विटले होते. शंभरदा धुतलेल्या साडीसारखे.

बकुळा गुडघ्यांवर बसली. "दमलीस?" तिने विचारलं.

परी दचकून उठून बसली. "काय म्हणालीस?"

"दमलीस का, म्हटलं. पाणी देऊ?"

परीने इवलीशी हनुवटी गुडघ्यांवर टेकली. "मला दिसेल तो 'दे' म्हणतो गं. राजे म्हणाले, सावकार म्हणाले, लांब दाढीचे साधू म्हणाले. 'दमलीस का' असं आजवर कोणी म्हटलं नाही."

बकुळाने पानाचा द्रोण करून तिला पाणी पाजलं आणि दुसऱ्या पानाने हळूहळू वारा घातला. परीच्या पंखांवर थोडा निळा रंग परत आला.

"आता माग काहीतरी," परी म्हणाली.

"नको. तू दमलीयेस."

"वेडाबाई, कोणी मागितल्याशिवाय मला इथून उठता येत नाही. तसा नियमच आहे. म्हाताऱ्या पऱ्यांनी केलाय तो. त्या स्वतः कुठे उठत नाहीत, बसल्या बसल्या नियम करतात." परीने जांभई दिली. "पण एकाच शब्दात माग. लांबलचक इच्छा उचलायची ताकद नाही राहिली."

बकुळाने विचार केला. तिला घर नको होतं, फ्रॉक नको होता. रोपं जगली आणि मोठी झाली की ती आईजवळ राहणार होती. तेवढंच हवं होतं.

"वाढ," ती म्हणाली. "माझ्या रोपांना वाढ पाहिजे."

परीने कपाळाला हात लावला. "अगं बाई! सगळ्या शब्दांत हाच सापडला तुला? या शब्दाला तीन पोटं आहेत. रोप वाढतं, हे एक. पानात भात वाढतात, हे दुसरं. आणि तिसरं..."

"मला माहीत आहे तिसरं," बकुळा म्हणाली. तिचा आवाज लहान झाला. "बाबा गेले तेव्हा बायका जमल्या होत्या. म्हणाल्या, हिच्या बांगड्या वाढवा. मला वाटलं, आईच्या बांगड्या आता जास्त होणार. मी बघायला पुढे गेले. त्यांनी फोडल्या. नारळ फोडतात, त्याला वाढवला म्हणतात. दिवा मालवतात, त्यालाही वाढवला म्हणतात. मोठी माणसं फोडतात ते फोडतात, वर खोटं का बोलतात?"

"भितात म्हणून," परी म्हणाली. "खरं नाव घेतलं तर खरंच घडेल असं वाटतं त्यांना. घडलेलं असतं तरीसुद्धा."

मग तिने बकुळाला अगदी जवळ बोलावलं. "ऐक. शब्द देते, पण त्याचे नियम आहेत. तुझ्या रोपांजवळ तो कोणीही म्हणो, तो तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघतो. म्हणताना तुझा हात मातीत असेल तर रोपासारखा वाढेल. हात दुसऱ्याला देत असेल तर ताटात वाढल्यासारखा भरभरून वाढेल. आणि हात हिसकावत असेल तर..."

"नारळासारखा," बकुळा म्हणाली.

"शहाणी. आणि दुसरं म्हणजे शब्द उसना आहे. तो माझ्या जिवातलाच आहे. मी मागायला येईन तेव्हा परत करायचा."

परीने तिच्या जिभेवर बोट टेकवलं. साखरेचा दाणा विरघळावा तसा शब्द विरघळला. त्याला ओल्या मातीची आणि किंचित वेलदोड्याची चव होती.

दुसऱ्या सकाळी बकुळाने दोन्ही हात मातीत घातले आणि हळूच म्हणाली, "वाढ."

आधी काहीच झालं नाही. मग एका कानतुटक्या कपात काहीतरी चमकलं. एक हिरवा ठिपका. मग दुसरा. मग परसभर हिरवे हिरवे दिवे लागल्यासारखे कोंब लुकलुकू लागले. मोगऱ्याच्या कळ्या मोत्यांसारख्या टपोरल्या. अबोली केशरी हसली. सदाफुलीने गुलाबी, पांढऱ्या, जांभळ्या चांदण्या उधळल्या. दुधाच्या पिशवीतली जास्वंद तर अशी लालेलाल फुलली की कोंबड्याला वाटलं, सूर्य परसात उगवलाय. तो तिच्यासमोर उभा राहून आरवला.

गावभर बातमी झाली. देसाईबाई आल्या आणि या खेपेला न हसता त्यांनी मोगरा विकत घेतला. लांबच्या वाडीवरून माणसं आली. बकुळा हाताने रोप पुढे करायची, "वाढ" म्हणायची, आणि घेणाऱ्याच्या हातात पोचेपर्यंत त्या रोपाला आणखी एक कळी आलेली असायची.

आई संध्याकाळी त्या रांगांमध्ये बसायची आणि नुसती बघायची. "किती गं छान," म्हणायची, आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा.

पण एक सांगून ठेवते. जादूने रोपं वाढली, पाणी काही जादूने भरलं नाही. माती जादूने चाळली नाही. काकूंच्या तांदळातले खडेही कमी झाले नाहीत. बकुळा पूर्वी दमायची, त्याच्या दुप्पट आता दमत होती. फक्त आता ती दमायची तेव्हा तिच्याभोवती सुगंध असायचा.

आणि आप्पाकाका खिडकीतून सगळं बघत होते. बघता बघता त्यांनी ऐकलंही. पोर रोज एकच शब्द म्हणते. अच्छा! म्हणजे हा मंत्र आहे.

दसऱ्याच्या सकाळी बकुळा उठली तर परसाच्या दारावर झेंडूची तोरणं होती आणि भलामोठा फलक होता. 'आप्पासाहेब रोपवाटिका. भव्य शुभारंभ.' शेजारी हात जोडलेले, फेटा बांधलेले काका छापलेले होते.

"काका, माझं नाव नाही यात," बकुळा म्हणाली.

"गिऱ्हाईकाला मोठ्या माणसाचं नाव लागतं. विश्वास वाटतो."

"बरं," बकुळा म्हणाली. तिला नावाचं काही नव्हतं. "पण नर्सरी उभी राहिली ना? मी राहणार ना आता आईजवळ?"

"नर्सरी उभी राहिली, पण माझी राहिली." काका मिशीत हसले. "तुझं काय काम आता? मंत्र मला कळलाय. विमल निघालीय गाडी घेऊन. कपडे बांधून ठेव."

"पण आपलं ठरलं होतं!"

"लहान मुलांशी ठरवलेलं का कुठे धरतात?" काका म्हणाले, आणि पाहुण्यांना नमस्कार करायला पुढे झाले.

आई सणाचीसुद्धा कामावर होती. पुरणाची भांडी दसऱ्याला जास्त पडतात. बकुळा मोगऱ्याचं मडकं पोटाशी धरून एका कोपऱ्यात उभी राहिली.

लोक जमले. आपट्याची पानं वाटून झाली. विमलआत्या गाडीतून उतरली आणि म्हणाली, "वाळलीस की गं! आमच्याकडे टुणटुणीत होशील." काकू नव्या हिरव्या बांगड्या किणकिणवत नारळाचं ताट घेऊन आल्या.

"आता बघा मंडळी चमत्कार!" काका ओरडले. त्यांना सगळ्यांत सुंदर रोप हवं होतं. ते बकुळाकडे आले आणि तिच्या हातातल्या मडक्याला हिसका मारला. "दे इकडे!"

"काका, हिसकावू नका! असं नाही म्हणायचं!"

"मला शिकवतेस?" काकांनी मडकं खेचून घेतलं, उंच धरलं आणि गरजले, "वाढ!"

शब्दाने तोंडाकडे पाहिलं नाही. हाताकडे पाहिलं.

ताटातला नारळ आपोआप वाढला, फट्! काकांच्या हातातलं मडकं वाढलं, फट्! मग कप, डबे, पिशव्या, फट् फट् फट्! काकांचा चष्मा वाढला. फलक मधोमध वाढला आणि फेटेवाले काका दोन झाले. काकूंच्या बांगड्या अशा वाढल्या की ताटात हिरवा चुरा पडला. फक्त करवंट्या तेवढ्या शाबूत राहिल्या. आधीच फुटलेलं पुन्हा काय फुटणार?

माती पसरली. रोपांची पांढरीशुभ्र, नाजूक मुळं उन्हात उघडी पडली.

मग सरूमावशी वाकल्या. "नाहीतरी वायाच जाणार," म्हणत त्यांनी दोन रोपं पदरात घेतली. मग दुसऱ्याने उचललं, मग तिसऱ्याने. भल्या भल्या माणसांनी पिशव्या काढल्या. एकानेही रडणाऱ्या पोरीला विचारलं नाही की तुला लागलं का.

"झाला तमाशा?" विमलआत्याने बकुळाचं मनगट धरलं. "चल. उशीर होतोय."

"वन्सं, हात सोडा तिचा."

दारात आई उभी होती. कोपरापर्यंत साबणाचा फेस, पदर खोचलेला. आईचा एवढा मोठा आवाज त्या घरात कोणी ऐकला नव्हता. आईनेही नव्हता ऐकला.

"आवाज चढवतेस?" काका फुटक्या चष्म्यातून डोळे वटारत म्हणाले. "हे परस माझं, ती खोली माझी! तो शब्द पुन्हा म्हटला ना, तर तुझी चूलसुद्धा..."

"म्हणा की, भाऊजी." आईने दोन्ही हात पुढे केले. मनगटं मोकळी होती. "माझं जे वाढवायचं होतं ते याच अंगणात तुम्ही सगळ्यांनी मिळून वाढवलंत. आता फुटायला काय ठेवलंय माझ्याकडे? ही एवढी पोर आहे. हिला नेणार असाल तर आधी मला मुळासकट उपटा."

आत्याचा हात आपोआप सुटला. काका लाल झाले. आणि उत्तर सुचेना तेव्हा मोठी माणसं जे करतात, ते त्यांनी केलं.

"मग दोघीही चालत्या व्हा! आत्ताच्या आत्ता!"

आई खोलीत गेली आणि बोचकं बांधू लागली. बांधण्यासारखं फारसं नव्हतंच. बकुळा मातीत बसली. उघड्या मुळांवर ती ओंजळीने माती लोटत होती. कुठे जायचं ते माहीत नव्हतं. चालायचं त्राण नव्हतं.

"बकुळा..."

झेंडूच्या विस्कटलेल्या माळेत परी पडली होती. तिचे पंख आता कांद्याच्या पापुद्र्यासारखे पारदर्शक झाले होते. कपाळावरचा थेंब जेमतेम चमकत होता.

"शब्द परत हवाय गं," ती म्हणाली. "नाहीतर मी विझेन. पण तुझे हात मातीत आहेत. हवं तर एकदा म्हणून घे. ही सगळी रोपं उठतील. तुमची नर्सरी पुन्हा उभी राहील."

"आणि तू?"

परीने पंख अंगाभोवती ओढून घेतले.

बकुळाने रोपांकडे पाहिलं. खोलीकडे पाहिलं, जिथे आई दोन पातेली एकात एक घालत होती. एकदा म्हटलं की झालं. एकच शब्द. जिभेवर वेलदोड्याची चव आली.

तिने हात मातीतून बाहेर काढले आणि फ्रॉकला पुसले.

"तू नाही जायचं विझून," ती म्हणाली. "पण थांब हं. उसनी वाटी रिकामी परत देत नाहीत. आई दळणाची वाटीसुद्धा रिकामी नाही देत, चिमूटभर साखर तरी घालते."

तिने इकडेतिकडे पाहिलं. एका करवंटीत अबोलीचं सगळ्यांत धाकटं रोप उभं होतं. दोन पानं आणि एक केशरी कळी. तेवढंच आता तिचं होतं. तिने करवंटी दोन्ही हातांनी उचलली आणि परीपुढे धरली.

"हे तुला. आणि हा तुझा शब्द." तिने खोल श्वास घेतला. "वाढ."

म्हणायचं म्हणून ती म्हणाली. परत करायचा तर उच्चारायला हवाच होता. पण शब्द हाताकडे बघतो. आणि तो हात देत होता. स्वतःजवळ काही न ठेवता देत होता.

तर मग काय झालं! करवंटीतून उजेड उतू गेला. आधी दुधासारखा, मग मधासारखा, मग मोरपिशी, केशरी, गुलाबी. परी त्या उजेडात उठली आणि वाढली. हाताएवढी, बकुळाएवढी, दारातल्या आंब्याच्या झाडाएवढी. तिच्या पंखांवर निळ्या लाटा सळसळल्या. घागऱ्यातून चंदेरी कण भुरभुरले आणि जिथे पडले तिथे उघडी मुळं गुदगुल्या झाल्यासारखी हसली आणि जमिनीत घुसली.

रस्त्यावर आरडाओरडा झाला. लोकांच्या पिशव्यांतून रोपं टुणकन उड्या मारत होती! मुळांच्या इवल्या इवल्या पायांनी दुडुदुडु पळत ती परसाकडे निघाली. सरूमावशींच्या पदरातून सदाफुली निसटली आणि मावशी "अगं अगं!" करत तिच्यामागे धावल्या. सगळी येऊन आपापल्या जागी उभी राहिली, कुंडीत नाही, थेट जमिनीत. परसभर, भिंतीपर्यंत, काकांच्या ओसरीच्या पायरीपर्यंत.

"आता इथलं रोप ओढून निघणार नाही," परी म्हणाली. तिचा आवाज पाण्यावरच्या उन्हासारखा झिरमिरत होता. "तू आपण होऊन दिलंस तरच निघेल. मी फार वर्षं दमले होते, बकुळा. तू मला मोकळं केलंस."

"आता कुठे जाशील?"

"झोपायला," परी म्हणाली आणि गोड हसली. मग तो सगळा रंगीत उजेड एकवटला, एक टपोरा थेंब झाला, लखलखला, आणि परसात नुसतं स्वच्छ ऊन उरलं.

काका सुधारले का? छे. मोठी माणसं अशी एका दुपारीत सुधारत नसतात. ते गुलाबाचं एक रोप धरून ओढत होते. ओढता ओढता फेटा सुटला, तोल गेला आणि ते मातीत बसले. रोप हललंसुद्धा नाही. बकुळा आली, तिने बोट लावलं, आणि रोप अलगद तिच्या ओंजळीत आलं.

काकांनी ते पाहिलं. फाटकाबाहेर जमलेल्या गिऱ्हाइकांकडेही पाहिलं. मग ते कपडे झटकत आईला म्हणाले, "ते बोचकं सोड. एवढं काय लगेच मनाला लावून घ्यायचं?"

मोठ्या माणसांची माफी ही अशीच असते. पुढे होऊन मागत नाहीत, वर तुमचंच चुकलं म्हणतात.

आईने बोचकं सोडलं नाही. "बकुळा राहणार. आणि घंटा वाजली की शाळेत जाणार," ती म्हणाली. "कबूल असेल तर सोडते."

काकांनी पुन्हा त्या न हलणाऱ्या गुलाबाकडे पाहिलं. "कबूल," ते पुटपुटले.

विमलआत्या एकटीच गाडीत बसली. तिच्या सुनेचं बाळ तिलाच सांभाळायचं होतं.

आता फाटकाबाहेर ही गर्दी. देसाईबाई, वाडीवरची माणसं, सरूमावशीसुद्धा. प्रत्येकाच्या हातात आपापलं मडकं, आपापला डबा.

"बकुळा, मला मोगरा!"

"बाळा, आधी मी आलेय!"

"ए बकू, जरा इकडे ये!"

बकुळा फाटकापाशी आली. तिने त्या सगळ्या मोठ्या माणसांकडे एकदा नीट पाहिलं.

"आज बंद आहे," ती म्हणाली. "उद्या शाळा सुटल्यावर या. मी दमलेय."

ती आत गेली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून भर उजेडी झोपून गेली. मोगऱ्याचा वास दारातून आत येत होता. बाहेर मोठी माणसं हातात डबे घेऊन उभीच होती.

राहू देत.